पायरीवरचं रबर

तीस वर्षं केळी भरून दिल्लीच्या वाऱ्या केल्यावर झुलालनाना घरी बसले, आणि पिंप्राळ्याच्या अंगणात उभा असलेला आपला छप्पन सालचा ट्रक नव्यासारखा करायला लागले. शेवटी राहिलं दोन्ही दारांखालच्या पायऱ्यांवर रबर चिकटवायचं. पहिल्या पायरीला सोल्युशन फासून नानांनी रबराची पट्टी दाबली आणि घरात हाक दिली, "अवं, ये बरं. हाई रबरवर वजन पाहिजे."

भिकुबाई पदराला हात पुसत आल्या, पायरीवर बसल्या. शेजारी नानाही टेकले. कधी न सांगितलेले घाट, ढाबे, धुकं, एकेक निघत गेलं.

"उठू का आता?" अर्ध्या तासाने भिकुबाईंनी विचारलं.

"नको. अजून वलं शे."

सुनेने चहा तिथेच आणून दिला. ऊन पायांवर आलं, तरी रबर वलंच.

अखेर नाना उठले, तशा भिकुबाई म्हणाल्या, "ती बाजूनी पायरी राहिनी ना?" आणि आपणच तिकडे निघाल्या.

सासऱ्यांचं चाळीसगावचं पंक्चरचं दुकान नाना पार विसरले होते. सोल्युशन पाच मिनिटांत पक्कं धरतं, हे तिथे वाढलेल्या भिकुबाईंना परकर-पोलक्याच्या वयापासून ठाऊक होतं.