पहिलं विरजण

इंदिराबाईंच्या घरी दही लागलं आणि मन्नाएखेळ्ळीच्या त्या गल्लीत एकच चौकशी सुरू झाली: विरजण दिलं कुणी?

इंदिराबाई शाळेत शास्त्र शिकवायला आल्या होत्या. त्याच साली राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं होतं. गल्ली होती तशीच होती. बाईंनी भाड्याचं घर घेतलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली, आणि तेवढ्यावरून गल्लीला काय समजायचं ते समजलं. पहिल्याच आठवड्यात त्या वाटी घेऊन दारोदार फिरल्या. कुणाचं विरजण नेमकं संपलं होतं, कुणाचं मांजरानं खाल्लं होतं. शेजारच्या चंद्रभागाबाई तर सरळ म्हणाल्या, "दिवे लागले की ओ बाई. आता इरजण घराबाहेर द्यायचं नसतंय."

तेव्हा ऊन अजून पत्र्यावर होतं. इंदिराबाईंनी एकदा त्या उन्हाकडं पाहिलं, "बरं अक्का" म्हणाल्या आणि वळल्या.

आणि आता त्यांच्या खिडकीत दह्याचं गाडगं! सोजराबाईंनी आपल्या सुनेलाच, चंद्रभागाबाईंना, धरलं. "भिंतीला भिंत तुझी. तूच दिलीस."

"न्हाई ओ, आत्याबाई. मी कामून देऊ?" चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"मग काय आभाळातनं पडलं?"

विरजणाशिवाय दही लागत नाही, हे काय कुणी सांगायला हवं? चंद्रभागाबाईंचं स्वतःचं विरजण माहेरून, मादन हिप्परग्याहून, आईच्या गाडग्यातून आलेलं. आईचं तिच्या आईकडून. अंगावर आलेला आळ त्या विसरूनही गेल्या, पण सासूचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. रविवारी दुपारी सासूचा डोळा लागल्याबरोबर त्या शेजारच्या उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, खरं सांगा. कुणी दिलं?"

"कुणीच न्हाई." इंदिराबाईंनी वाळल्या मिरच्यांचे देठ दाखवले. "हे टाकले कोमट दुधात. दोनदा दूध नासलं. मग एकदा लागलं, पातळच. त्यातलंच घेऊन परत लावलं, ते हे."

"मिरचीच्या देठानं?"

"देठावर दह्याचे जीव आधीच बसलेले असतात, अक्का. डोळ्यांना दिसत न्हाईत, एवढंच."

चंद्रभागाबाईंनी जरा विचार केला. "मग ते बी इरजणच की. देठावर कुठनं आलं ते?"

प्रश्न इंदिराबाईंना फार आवडला. त्यांनी आत पोतं अंथरलं. चंद्रभागाबाई मात्र उंबऱ्याबाहेरच उकिडव्या बसल्या.

"असं मागं मागं जात ऱ्हायलं की एक येळ अशी येतीय, कुठंच जीव न्हाई. नुसतं पाणी, वाफ, उग्र वासाचे वायू, वरून विजा. शास्त्रज्ञांनी तसंच करून बघितलं. काचेच्या भांड्यात पाणी अन् वायू कोंडले, आत ठिणग्या पाडल्या. थोड्या दिवसांत पाणी तांबडं झालं."

"जीव आला?"

"न्हाई. पण जीव ज्याचा बनतोय, त्यातलं काही काही त्यात घावलं. पुढं कसं झालं असंल ते अजून शोधायलेत."

"म्हंजे दूध झालं, दही व्हायचंय."

"तसंच समजा."

हायवेवरून एक ट्रक गेला. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "त्या पहिल्या जिवाला इरजण मागायला शेजार बी नव्हता की."

"नव्हता," इंदिराबाई म्हणाल्या.

शब्द साधाच होता, पण चंद्रभागाबाईंना पत्र्यावरचं ऊन आठवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्या उठून घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप मिरचीचे देठ मोडले आणि वाटीभर दुधात टाकले. दूध नासलं. सकाळी वास सासूच्या नाकापर्यंत गेला.

"घरात दह्याचं गाडगं भरलेलं असताना दुधात देठं? कुणी शिकवलं?"

चंद्रभागाबाईंनी खरं ते सांगून टाकलं. सोजराबाईंचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "चंद्रभागा, तिकडचं काही या घरात आणलंस तर चुलीला हात लावायचा न्हाई. तुझ्या आईचं गाडगं बी शिंक्यावरच ऱ्हाईल. सांगून ठेवायले."

चंद्रभागाबाई दिवसभर चुलीकडं बघत वावरल्या. ही चूल त्यांनी स्वतः लिंपलेली, तिचा खडा न् खडा ओळखीचा. भाकरी थापताना हात दोनदा थांबला.

संध्याकाळ झाली. गल्लीत एकेक दिवा लागला. सोजराबाई ओट्यावर बसल्या होत्या. चंद्रभागाबाईंनी रिकामी वाटी घेतली, पदराखाली झाकली नाही, आणि सासूच्या समोरून चालत शेजारच्या दारी गेल्या.

इंदिराबाई नुकताच कंदील पेटवून उभ्या होत्या.

"बाई, थोडं इरजण द्या."

इंदिराबाईंनी हातातल्या कंदिलाकडं पाहिलं, मग वाटीकडं. "दिवे लागलेत, अक्का," त्या हळूच म्हणाल्या.

चंद्रभागाबाईंनी उंबरा ओलांडला. पलीकडच्या ओट्यावर नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "पहिलं इरजण लागलं तवा कुठं दिवे हुते?"