कुणाचा हात लागला?

हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या पट्टीवर, ॲसिडात वीज सोडून, केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या बारीक नळ्या उगवायच्या, म्हणजे हाड पट्टीला घट्ट धरतं. कोल्हापुरातल्या एका लॅबमध्ये तेजस्वी आणि प्रसेनजीत दोघं त्याच्याच मागं लागलेले. पट्टी घासायची त्यानं, धुऊन ॲसिडात सोडायची तिनं. या खेपेला नळ्यांचं रान उगवलं खरं, पण मधोमध मसुराएवढं टक्कल राहिलं. तिथं तेलकट काहीतरी लागलं असणार, सर म्हणाले.

तेजस्वी सगळ्यांदेखत कडाडली, "तुझाच हात लागलाय! तुम्हा लोकांच्या हातांना स्वच्छतेची सवयच न्हाय!"

प्रसेनजीत एवढंच म्हणाला, "मी हात लावला न्हाय, तेजस्वी."

तिनं जीभ चावली, पण शब्द माघारी घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो एकावर एक दोन हातमोजे चढवून कामाला बसू लागला. ते बघून ती नजर चुकवायची.

आज नवी पट्टी होती. नव्या पट्टीच्या दिवशी तेजस्वी आधी अंबाबाईला जाऊन यायची, तशी आजही आली. पट्टी धुतली, चिमट्यात धरली आणि दर वेळेसारखी डोळे मिटून कपाळाला टेकवली. एरवी ती तशीच ॲसिडात सोडायची. आज मात्र चूक नको म्हणून तिनं पट्टी आधी भिंगाखाली धरली.



बरोबर मधोमध, मसुराएवढा, कुंकवाचा तेलकट डाग होता.