तुमची सगळ्यात मोठी चूक

टेक तीन.

“तुमची सगळ्यात मोठी चूक सांगा.”

“सर, मी कामात फार बारकाईने लक्ष घालते, त्यामुळे कधीकधी उशीर—”

“कट.” सिद्धेश सरांनी कॅमेरा बंद केला. “ही चूक आहे, की स्थळासाठी पाठवलेला बायोडेटा?”

नीरजा ओशाळून हसली. सर हसले नाहीत.

ठाण्यात माजिवड्याच्या या क्लासात परदेशी नोकरीच्या मुलाखतींची तयारी करून घेत. बॅच भरलेली होती. पण सरांनी तिचा फॉर्म दोनदा वाचला आणि विचारलं, “कोलशेतला मेंटेनन्स इंजिनिअर? सात वर्षं? मग उद्यापासून या. एकट्याच.”

कोलशेतचा कारखाना डिसेंबरात गुजरातला चालला होता. जर्मनीहून आधी दोनदा नकार आला होता आणि दोन्ही वेळा गाडी याच प्रश्नावर अडली होती. तिसरी मुलाखत गुरुवारी होती. चौथी मिळणार नव्हती.

टेक सात.

“एकदा सुट्या भागांची ऑर्डर चुकली. पण आमच्या साहेबांनी सांभाळून घेतलं.”

“कट! त्या जर्मनांना नोकरी काय साहेबांना द्यायचीय? आपल्याकडे काही बिघडलं की खालचा वर बोट दाखवतो, वरचा खाली. तिकडे एवढंच विचारतात, तुम्ही काय केलंत? आणि डोळे वर. टेबलाला कसलं उत्तर देताय?”

“मोठ्यांच्या डोळ्यांत बघून बोलायची सवय नाही, सर.”

“ते त्याला संस्कार म्हणत नाहीत. म्हणतात, ही काहीतरी लपवतेय.”

टेक नऊ. ती इंग्रजीत सुरू झाली.

“मराठीत बोला. माणूस खोटं बोलायला लागला की मला मराठीत लगेच कळतं.” सर पुढे वाकले. “सात वर्षं कारखान्यात काढलीत, मॅडम, आणि तुमच्या हातून फक्त एक ऑर्डर चुकली? मग तुम्ही एक तर खोटारड्या, नाहीतर बिनकामाच्या. त्यांना दोन्ही नको असतात.”

तिचे कान तापले. उठून जावंसं वाटलं. गुरुवार आठवला. ती बसून राहिली.

कोलशेतला मोठी म्हणावी अशी एकच चूक झाली होती, आणि ती तिची नव्हती. तीन वर्षांपूर्वी आईच्या ऑपरेशनसाठी ती महिनाभर गावी, संगमेश्वरला होती, तेव्हाची. रवींद्र साहेबांनी वाफेचा व्हॉल्व्ह न तपासताच कागदावर सही केली होती. परतल्यावर तिने ते कँटीनमध्ये ऐकलं, दबक्या आवाजात.

उसनी चूक. जर्मनीत कोण विचारायला येणार होतं?

टेक अकरा.

“तीन वर्षांपूर्वी मी वाफेचा व्हॉल्व्ह न तपासता सही केली.”

सरांनी ‘कट’ म्हटलं नाही.

“कोणी सांगितलं होतं?”

“कोणीही नाही. निर्णय माझा होता.”

“का?”

“तपासला असता तर प्रॉडक्शन थांबलं असतं.”

“पुढे?”

“व्हॉल्व्ह अडकला. वाफेची लाइन फुटली. एक फिटर भाजला. तिसऱ्या दिवशी गेला.”

“नाव?”

“पंढरी.”

“चौकशी झाली असेल.”

“झाली. त्याचाच निष्काळजीपणा निघाला.” नीरजाने पापणीही हलू दिली नाही. “मला खरं माहीत होतं. मी गप्प राहिले. ती माझी सगळ्यात मोठी चूक.”

तिचा आवाज कापला नाही, नजर ढळली नाही, साहेबांचं नाव आलं नाही. तिला स्वतःचंच नवल वाटलं.

“जमलं ना, सर?”

“जमलं,” सर म्हणाले. “आज पहिल्यांदा खरं बोललात.”

त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून खिशात ठेवलं, दाराची कडी आतून लावली आणि मोबाइल कानाला लावला.

“आई, आपल्या पंढरीला मारणारी सापडली. समोरच बसलीय.”