चाळीस बाटल्या

"आधी बाटलीवरचा नंबर वाचा, मामा!" त्रिवेणी फोनवर जवळजवळ ओरडलीच.

"हौ गं, चष्मा तरी घालू दे," हिम्मतराव म्हणाले. "हां. बी-बेचाळीस."

त्रिवेणीचा जीव भांड्यात पडला. बेचाळीस. एक्केचाळीस नाही.

"मग घाला मामीच्या डोळ्यात. वेळ चुकवू नका."

"चुकवतोय कशाला? दिवसातून चारदा मीच घालतो. नव्या बॅचच्या पहिल्या खोक्याला कुंकू लावलं आणि त्यातली सगळ्यात वरची बाटली तिच्यासाठी मागून आणली. झालं काय पण?"

"काही नाही. सुट्टीवर आहात ना? मग कारखान्याचं नाव काढू नका."

सांगून त्यांना घोर कशाला लावायचा? इंदुमामीचा एक डोळा काचबिंदूने कधीच गेलेला. उरलेल्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडाही झाला नव्हता. तो एकच डोळा, बस.

डोळ्याच्या थेंबांच्या एक्केचाळीस नंबरच्या बॅचमध्ये जंतू निघाले होते. सात जणांचे ऑपरेशन केलेले डोळे कायमचे गेले. कंपनीने ती बॅच परत मागवली, आणि क्वालिटीत काम करणारी त्रिवेणी तीन दिवस एकच घोकत बसली होती: किती भरल्या, किती गेल्या, किती परत आल्या.

भरल्या सहा हजार. लेबल लागलं पाच हजार नऊशे साठांना. मग चाळीस बाटल्या गेल्या कुठे मेल्या?

"औषध खात्याचा इन्स्पेक्टर दोनला येतोय," मॅनेजर श्रीकांत म्हणाले. "त्या दिवशी पॅकिंगला कोण होतं?"

"हिम्मतराव."

"तुमचे मामाच ना? मग बोलवा त्यांना, उभं करा इन्स्पेक्टरसमोर. नाहीतर लिहून टाका, टोपण नीट बसलं नाही, चाळीस बाटल्या नष्ट केल्या. होतंच असं."

होतं खरं असं. सव्वीस वर्षं पॅकिंगला घालवलेल्या मामांच्या रिटायरमेंटला चार महिने राहिले होते. ही नोकरी त्रिवेणीला त्यांनीच लावून दिलेली. बायकोचा डोळा तसा असताना त्यांना चौकशीला खेचायचं? तिने लिहिलं आणि सही केली. तिला स्वतःची लाज वाटली, पण सही केली.

इन्स्पेक्टरने बेरीज दोनदा तपासली.

"जुळलं. एक बी बाटली बाहेर नाही," तो म्हणाला. "आणि बेचाळीस?"

"टाकीतला नमुना साफ आहे," त्रिवेणी म्हणाली. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

फाईल बंद झाली.

संध्याकाळी ती नारायणगुड्याला मामांच्या घरी गेली तेव्हा हिम्मतराव बायकोवर वाकून, जीभ दाताखाली धरून थेंब घालत होते. एक. दोन.

"आज जास्तच चुरचुरतंय बाई," मामी म्हणाली. "आणि सकाळपासून धूसर बी दिसायलंय."

"बरं होताना होतंच असं," त्रिवेणी म्हणाली आणि चहाला आधण ठेवायला उठली.

चहा पिताना तिला राहवलं नाही. पोटात ठेवून तरी किती ठेवणार?

"मामा, आज तुमच्यापायी खोटं लिहिलं मी. एक्केचाळीसच्या चाळीस बाटल्या जुळेनात. तुम्ही खराब म्हणून फेकून दिल्या, असं लिहिलं."

हिम्मतरावांनी कप खाली ठेवला. त्यांना भलताच राग आला होता.

"फेकल्या? मी? सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक बाटली वाया गेली नाही, विचार जाऊन कुणालाही! लेबलं कमी पडली त्या दिवशी, चाळीस बाटल्या कोऱ्या उरल्या. अशा उरल्या की मी सकाळी त्यांना नवं लेबल चिकटवतो आणि नव्या बॅचच्या पहिल्या खोक्यात सगळ्यात वर मांडतो."