आठवं पुस्तक

जादूनगरीच्या सातव्या पुस्तकात राक्षस एकदाचा मेला, तेव्हा लेखकाची मोठी बहीण ढसाढसा रडली होती. त्या राक्षसाचा खोकला, हातातला पट्टा, सगळं त्यांच्या वडिलांचं होतं, हे या भावंडांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. आता प्रकाशकाला आठवं पुस्तक हवं होतं, आणि त्यात राक्षस पुन्हा जिवंत. “वाचक मागेच लागलेत, ताई. माझं मन मात्र घेत नाही. पहिलं प्रकरण लिहिलंय, तू वाच आणि सांग,” लेखक बहिणीला म्हणाला. ताईने चष्मा लावला. कागदावर राक्षस जिना चढत होता, पायरीपायरीवर थांबत, दोन्ही मुलांना लाडाने हाका मारत. वाचून तिने कागद खाली ठेवले. साठीतली ती बाई भर दुपारी उठली आणि कडी लावून दाराला पाठ टेकून उभी राहिली. त्याने तिच्यादेखत सगळे कागद फाडले. तरी ताई दारापासून तसूभर हलली नाही.