शिकाऊ सासू

कोरियातल्या देगू शहरात लग्नसोहळे पार पाडणाऱ्या सोराकडे नवी माणसं टिकेनात, तेव्हा तिने सासूलाच शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलं. “आई, पाहुण्यांसमोर चकार शब्द काढायचा नाही,” हा पहिला धडा. त्याच दुपारच्या लग्नात, तिथल्या रीतीप्रमाणे वधू-वरांच्या आयांनी मंचावर एकेक मेणबत्ती पेटवून सोहळा सुरू करायचा होता; पण आधी कोणाची पेटणार, यावरून दोन्ही विहिणी अडून बसल्या. बाहेर पुढचं वऱ्हाड ताटकळलं, सोरा कोपऱ्यातून सारखी घड्याळ पाहू लागली. तेवढ्यात सासूबाई पुढे सरसावल्या. “बायांनो, ती कोपऱ्यातली माझी सून, आणि इथली मालकीणही. मेणबत्त्या पेटल्या नाहीत, तर मला जेवायला मिळायचं नाही हो!” विहिणींनी सोराकडे जळजळीत कटाक्ष टाकला आणि हातात हात घालून दोन्ही मेणबत्त्या एकदम पेटवल्या. टाळ्यांच्या गजरात सोरा कुजबुजली, “आई, मी कधी उपाशी ठेवलं तुम्हाला?” “कधीच नाही गं. पण दोन विहिणींचं पटायला तिसरीची वाईट सून लागते.”