लपवलेला धैवत

नागभीडच्या छापखान्यात गुणवंतराव आपल्या बंदिशींच्या पुस्तकाचं प्रूफ ओळीवर बोट ठेवून वाचत होते. स्वरलिपी त्यांच्याकडे गाणं शिकणाऱ्या रोशनीनं ऐकून लिहून घेतलेली. पोरीचा भरवसा काय, म्हणून शेवटच्या बंदिशीत त्यांनी मुद्दाम खोटा, शुद्ध धैवत गाऊन दाखवला होता. खरा होता कोमल. रागाच्या नियमात तो बसत नसे, आणि उभ्या जन्मात त्यांनी तो कुणाला शिकवला नव्हता.

बोट थांबलं. छापलेल्या ‘ध’खाली कोमलची आडवी रेघ होती.

"हा स्वर कुठून चोरला वं?" त्यांनी शेजारी बसलेल्या रोशनीला विचारलं.

"चोरीन काऊन, भाऊ? तुमी गाताना चुकले वाटलं, म्हणून दुरुस्त केला."

"मी चुकत नाई. तुले सांगितला कोणं?"

"मायनं. लहानपणी मले हेच गाऊन निजवे. धानाच्या रोवण्याच्या बांधीत तुमच्या शकुबाईच्या बाजूले राहे ना थे, तिच्याच तोंडून शिकली."

गुणवंतरावांनी कागद खाली ठेवला. दाराला आतून कडी लावून ते रियाज करत, तेव्हा शकुबाई बाहेर चुलीपाशी असे. चाळीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्यासमोर कधी गुणगुणलीही नव्हती.